दोन रंगांचं कव्हर : काटकसर की ऐट?

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक शाहीर पोवाड्यांचा अल्बम काढत आहेत. माझी मुलगी कला महाविद्यालयात शिकते. अल्बमचं कव्हर आणि कार्यक्रमाचं पोस्टर करायचं काम तिच्याकडे आलं. जुन्या अमेरिकी लोकसंगीताच्या रेकॉर्ड बघून तिने खरखरीत कागदाच्या पार्श्वभूमीवर काळा आणि गेरवा असे दोनच रंग वापरले. शाहीर म्हणतात, "पोरी, हे फिकं दिसतंय. माझा फेट्यातला फोटो कुठाय? झीलकऱ्यांची नावं कुठायत?" त्या रेकॉर्डांवर खरंच दोनच रंग का असायचे? आणि या दोघांत बरोबर कोण?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी रेकॉर्डांचं बघू, कारण भांडणाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

तुमच्या मुलीने पाहिलेली कव्हरं बहुधा 'फोकवेज' या न्यूयॉर्कच्या कंपनीची असावीत. मोझेस अॅश यांनी मॅरियन डिस्टलर यांना सोबत घेऊन 1948 मध्ये ती सुरू केली. अॅश मूळचे वॉर्साचे, यिडिश कादंबरीकार शोलेम अॅश यांचे चिरंजीव. आधीच्या कंपन्यांत त्यांचे हात पोळले होते. त्यामुळे या वेळी त्यांनी ठरवलं की, खपाच्या मागे लागायचं नाही आणि एकदा काढलेली रेकॉर्ड यादीतून कधी काढायची नाही. या यादीत वुडी गथ्री, लेड बेली, पीट सीगर असे लोकगायक होते, तसे बेडकांचे आवाजही होते. अॅश 1986 मध्ये वारले तेव्हा यादी दोन हजारांच्या पुढे गेली होती. दुसऱ्या वर्षी स्मिथसोनियन संस्थेने हा सगळा संग्रह घेतला तोही याच अटीवर, की यातलं काहीही बंद होणार नाही.

आता हिशेब करा. यातल्या कित्येक रेकॉर्डांच्या एका वेळी फार तर काही शे प्रती निघत. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी आणि एकरंगी यंत्र असेल तर प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा यंत्रातून काढावा लागतो. हा खर्च दहा हजार प्रतींवर पसरला तर जाणवत नाही, तीनशे प्रतींवर पसरला तर कंबर मोडते. म्हणून दोन रंग. दुसरी युक्ती त्याहून साधी होती. जाड काळ्या पुठ्ठ्याची पाकिटं सगळ्या रेकॉर्डांना एकच. त्या त्या अल्बमचा छापील कागद पाकिटाच्या दर्शनी बाजूला चिकटवायचा आणि कडेवरून मागे थोडा दुमडायचा. मागचा उरलेला पुठ्ठा काळा तो काळाच. मागणी आली की आणखी काही कागद चिकटवायचे, माल तयार.

म्हणजे सुरुवात काटकसरीची. पण काटकसर करणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या आणि त्यांची कव्हरं आज कोणी भिंतीवर लावत नाही. फोकवेजची लावतात, याचं मोठं श्रेय रोनाल्ड क्लाइन यांना आहे. क्लाइन आधी 'अर्कहॅम हाउस' या प्रकाशनासाठी अद्भुत आणि भयकथांच्या पुस्तकांची वेष्टनं काढत. पुढे जवळपास तीन दशकांत त्यांनी फोकवेजसाठी पाचशेहून अधिक कव्हरं केली. त्यांची रीत साधारण अशी : एक छायाचित्र किंवा जुनं खोदचित्र, ते एकाच शाईत, अक्षरं नेमकी, सहसा एका कडेला, चकाकी नसलेला कागद आणि बरीच मोकळी जागा. दोन शाया एकमेकींवर छापल्या की तिसरी छटा मिळते आणि कागदाचा रंग ही चौथी. दोन रंगांच्या पैशांत चार छटा वापरणारा हा माणूस होता. तुमच्या मुलीने नक्कल करायची असेल तर या कसबाची करावी.

शाहिरांच्या तक्रारीशी थेट संबंध असलेली गोष्ट मात्र कव्हरच्या फोटोत दिसत नाही. फोकवेजच्या पाकिटात दोन कप्पे असत. एकात तबकडी, दुसऱ्यात पुस्तिका. गाण्यांचे शब्द, गायक कोण, कुठला, साथीला कोण होतं, ध्वनिमुद्रण कुठे झालं, हे सगळं त्या पुस्तिकेत. कव्हर मितभाषी राहू शकलं ते आतली पुस्तिका भरपूर बोलत होती म्हणून. आज नक्कल होते ती वरच्या मितभाषीपणाची, आणि पुस्तिका विसरली जाते.

कव्हर गाण्याचा अर्थ किती बदलतं याचं याच कंपनीतलं एक उदाहरण फार बोलकं आहे. हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाने 1952 मध्ये फोकवेजसाठी जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डांतून चौऱ्याऐंशी गाणी निवडून 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हा सहा तबकड्यांचा संच केला. ही गाणी डोंगराळ भागातले फिडलवाले, ब्लूजवाले, चर्चमधले गायक यांची. कव्हरवर काय? इंग्लंडच्या रॉबर्ट फ्लड यांच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथातलं एकतारी वाद्याचं चित्र. आपल्या तुणतुण्यासारखी एकच तार, तिच्यावर सगळं विश्व लावलेलं आणि वरून देवाचा हात खुंटी पिळून ती सुरात आणतोय! संचाच्या तीन भागांना हिरवा, लाल आणि निळा असे तीन रंग दिले होते, ते जल, अग्नी आणि वायू या तत्त्वांचे. पुढे 1960 च्या दशकात लोकसंगीताच्या चळवळीतले संपादक आयर्विन सिल्बर यांनी हे चित्र काढून टाकलं आणि बेन शान यांनी अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात टिपलेलं एका गरीब शेतकऱ्याचं छायाचित्र लावलं. लोकसंगीत तेव्हा तरुणांच्या चळवळींत मिसळलं होतं, त्यांना गूढ विश्वापेक्षा हा शेतकरी जवळचा वाटणार होता. गाणी तीच, क्रम तोच. पण पहिलं कव्हर सांगत होतं की हे सूर सृष्टीच्या रहस्यातले आहेत, आणि दुसरं सांगत होतं की हा पिचलेल्या माणसाचा आवाज आहे. 1997 मध्ये सीडी निघाल्या तेव्हा ती एकतारी परत आली.

तेव्हा तुमच्या मुलीला पहिला प्रश्न रंगांचा पडायला नको. या शाहिरांच्या गाण्याबद्दल कव्हरने काय सांगायचं आहे, हे आधी ठरायला हवं. ऐतिहासिक पोवाडे आहेत की आजच्या पाणीटंचाईवरचे? दोन्हींना एकच खरखरीत कागद चालणार नाही.

आता चेहऱ्याचं. लोकगायकाचं कव्हर म्हणजे चेहरा नको, असा काही नियम नाही. बॉब डिलनच्या 1963 च्या 'फ्रीव्हीलिन' अल्बमवर रंगीत छायाचित्र आहे. न्यूयॉर्कच्या जोन्स स्ट्रीटवर बर्फ वितळून चिकचिक झालेली, डिलन पातळ जाकिटात आखडलेला, त्याच्या दंडाला बिलगून त्याची मैत्रीण सूझ रोटोलो. डॉन हनस्टाइन यांनी कोलंबिया या मोठ्या कंपनीसाठी ते टिपलं. रंग भरपूर, पैसा भरपूर, तरी फोटोसाठी उभं केल्याचा भास नाही. आणि 1967 मध्ये डिलनच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहासोबत मिल्टन ग्लेसर यांचं पोस्टर आलं : चेहऱ्याची बाजूने दिसणारी काळी आकृती आणि केसांच्या जागी रंगीत लाटा. चित्रकार मार्सेल द्युशाँ यांनी स्वतःच्या चेहऱ्याची जी बाह्याकृती केली होती, तिच्यावरून ही कल्पना सुचल्याचं ग्लेसर सांगत, आणि केसांच्या लाटांमागे इस्लामी कलेचा प्रभाव होता. नाक, डोळे, ओठ काही रंगवलेलं नाही, तरी माणूस लगेच ओळखू येतो.

पण हे पोस्टर नीट पाहा. त्यावर तारीख नाही, वेळ नाही, स्थळ नाही. कारण ते रेकॉर्डच्या पाकिटात घडी घालून घरी जायचं होतं, खोलीच्या भिंतीवर लागायचं होतं. कार्यक्रमाच्या पोस्टरचं काम निराळं. नॅशव्हिलमध्ये 1879 पासून चालणारा 'हॅच शो प्रिंट' हा छापखाना त्या कामाचा वस्ताद. लाकडी खिळ्यांनी जाड पुठ्ठ्यावर छापलेली पोस्टरं दुकानांच्या काचेत लागत. कलाकाराचं नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं मोठं, आणि वरची पट्टी कोरी, गाव बदलेल तसं स्थळ-तारीख त्यात छापायची. आपल्याकडच्या फिरत्या खेळांच्या पोस्टरवर 'स्थळ' आणि 'वेळ' या शब्दांपुढे जागा सोडलेली असते ती याच गरजेतून.

इथे शाहिरांची बाजू घ्यायला हवी. त्यांची नजर कॅसेटच्या जमान्यात तयार झालेली आहे. त्याआधी 78 च्या रेकॉर्डांना इथे सहसा कंपनीचं ठरीव कागदी पाकीट असे, मधल्या गोलातून लेबल दिसे, गायकाच्या चित्राचा प्रश्नच नव्हता. 1980 च्या दशकात कॅसेट गावोगाव पोचली आणि तळहातात मावणाऱ्या तिच्या कागदावर देव, गायकाचा फेटा, गीतकार, संगीतकार आणि सगळ्या गाण्यांची यादी अशी दाटी झाली. ही दाटी अडाणीपणाची नव्हती. आत पुस्तिका नव्हती. जत्रेतल्या स्टॉलवर गिऱ्हाईक हातभर अंतरावरून बघे आणि कोण गातंय, गाणी कुठली, एवढ्यावर पैसे काढे. प्रती हजारोंनी छापायच्या, म्हणून चार रंगही परवडत. फोकवेजचा साधेपणा जसा हिशेबातून आला, तसाच कॅसेटचा भरगच्चपणाही.

आणि नावांचा प्रश्न तर मानाचा आहे. तमाशाचंच बघा. हंगामात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन फडाला सुपारी देतात. नंतर गावात जे पोस्टर लागतं त्यावर फडमालकाचं नाव मोठं आणि मग 'सह' म्हणून एकेक कलावंत. कोणाचं नाव कुठल्या ओळीत, हे कलावंत बारकाईने बघतात, कारण पुढच्या हंगामाची किंमत तिथून ठरते. पोवाड्यातला झीलकरी प्रत्येक चौकाला सूर उचलून धरतो. त्याचं नाव "डिझाइनमध्ये बसत नाही" म्हणून गाळलं, तर शाहीर चिडणारच.

मग निवाडा काय? माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या कागदांबद्दल.

अल्बमचं कव्हर आज मुख्यतः मोबाइलवर दिसणार. ते 3000 बाय 3000 पिक्सेलच्या चौकोनात करून द्यावं लागतं, पण ऐकणाऱ्याला दिसतं नखाएवढं. तिथे आठ नावं घातली तर नुसते ठिपके दिसतील. देवनागरीला तर शिरोरेषेच्या वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, म्हणजे बारीक आकारात अक्षर लवकर बुजतं. म्हणून कव्हरवर अल्बमचं नाव आणि शाहिरांचं नाव, एवढंच. 'बालू' किंवा 'मुक्ता' असे मोफत मिळणारे मराठी फाँट ठळक रूपात चांगले दिसतात. केलेलं कव्हर फोनवर लहान करून, हात लांब धरून बघावं. वाचता आलं नाही तर अक्षर वाढवावं. फोटोबद्दल शाहिरांचा आग्रह मानावा, पण स्टुडिओतला हसरा फोटो नको. फेटा, तुणतुणं आणि वर केलेला हात यांची बाह्याकृती दोन रंगांत उत्तम छापली जाते आणि शाहीर म्हणून तत्काळ ओळखू येते.

झीलकरी, ढोलकी, तुणतुणं, झांज यांची नावं गाणी चढवताना भरायच्या माहितीत प्रत्येक गाण्यापुढे लिहावीत. शिवाय फोकवेजचा दुसरा कप्पा आपणही करावा : चार पानांची छोटी पुस्तिका, पोवाड्यांचे शब्द आणि सगळ्यांची ओळख घालून. कार्यक्रमात ती हातोहात जाईल.

पोस्टरवर मात्र नावं हवीतच. शाहिरांचं नाव सगळ्यात मोठं, मग तारीख, वेळ, स्थळ, आणि खाली सगळे साथीदार एकाच आकाराच्या अक्षरात. शुभेच्छुकांचे फोटो टाकायचा गावचा आग्रह असेल, तर त्यांना वेगळा फ्लेक्स करू द्यावा. शाहिरांच्या पोस्टरवर त्या गर्दीला जागा नाही.

राहिले दोन रंग. पोस्टर स्क्रीन प्रिंटिंगने करणार असाल तर प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, तेव्हा दोन रंगांत खरंच पैसे वाचतात. जाडा रंगीत कागद आणला तर तिसरी छटा फुकट मिळते. डिजिटल छपाई करणार असाल तर दोन रंगांत आणि दहा रंगांत खर्चाचा म्हणावा असा फरक नाही. मग संगणकावर काढलेला जुनाट कागदाचा खरखरीतपणा हा निव्वळ पोशाख ठरतो आणि शाहिरांना तो फिका वाटला तर त्यांचं चुकत नाही. क्लाइन यांनी आपल्या अडचणीतून शैली काढली. तुमच्या मुलीने दुसऱ्याची शैली घेऊन नसलेली अडचण रंगवू नये.

शेवटचं, आणि सगळ्यात स्वस्त काम : छापायला देण्याआधी पोस्टर आणि पुस्तिका सगळ्या साथीदारांना वाचायला द्या. रंग आवडला नाही तर माणूस विसरतो. नावातली चुकलेली वेलांटी मात्र विसरत नाही.