भर पावसातली दिवाळी

पुणे
श्रावण वद्य पंचमी

चि. छोटी,


तुझा मेसेज वाचला. बाहेर धो धो पाऊस आणि तू लोअर परळच्या ऑफिसात बसून नुसत्या पणत्या आणि आकाशकंदील काढते आहेस, त्याचा तुला वैताग आलाय. फोन केला असता, पण फोनवर हे दोन मिनिटांत उरकलं असतं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या कामाचं पंचांगच असं आहे गं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ श्रावणात, नव्या वर्षाची कॅलेंडरं गणपतीच्या धामधुमीत, आंब्याच्या पेट्यांची लेबलं थंडीत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून किती चित्रकारांनी ही भर पावसातली दिवाळी काढली असेल! लोक ज्या ऋतूत राहतात त्याच्या एक ऋतू पुढे आपलं टेबल असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भीती वाटते ती एकाच गोष्टीची. अंगावर आलेला ऋतू बघायचा राहून जातो, आणि जो काढायचा तो दुसऱ्या कुणीतरी आधी काढलेल्या चित्रांवरून काढला जातो. पणती स्टॉक फोटोतली, झेंडू स्टॉक फोटोतला. असं दोन-तीन वर्षं चाललं की हाताला सफाई येते आणि डोळा मात्र उपाशी राहतो.

म्हणून आत्ता श्रावण बघ. तुला दादर जवळ आहे. एखाद्या सकाळी ऑफिसच्या आधी फूलबाजारात जा. तेरडा बघ, एकाच जुडीत फिक्या गुलाबीपासून जांभळटापर्यंत किती छटा असतात. रानभाज्या घेऊन बसलेल्या बायकांकडे टाकळा, कुर्डू, कंटोली मिळतील. घेऊन ये, आधी काढ आणि मग खा. कंटोलीच्या काट्यांचा हिरवा आणि टाकळ्याच्या कोवळ्या पानांचा हिरवा शेजारी शेजारी रंगवून बघ, म्हणजे ‘हिरवा’ म्हणून एक रंग उचलणं तुझ्याच्याने होणार नाही. वहीत तारीख आणि तिथी दोन्ही लिहीत जा. पुढच्या एप्रिलात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, कुणीतरी पावसाळ्याचं पोस्टर मागेल. तेव्हा ही वही उघडायची.

पडद्यावर दिसणारा भाताच्या खाचरांचा तो लखलखीत हिरवा छपाईच्या चार शायांतून उतरत नाही, हे एव्हाना तुला कळलं असेल. पडद्यावर उजेडच असतो, कागदावर शाईवरून परतलेला उजेड. निळी आणि पिवळी एकमेकींवर चढल्या की हिरवा येतो, पण थोडा मातकट होऊन. झेंडूच्या केशरीचंही तेच. मुखपृष्ठाचा सगळा जीव त्या केशरीत असेल तर गिऱ्हाइकाला सांगून पाचवी शाई, स्पेशल कलर, मागून घे. खर्च वाढतो म्हणून ते नाही म्हणाले तर बाजूला गडद जांभळा घे. शेजाऱ्यामुळे केशरी उजळतो. आणि प्रूफ आलं की खरा झेंडू कागदावर ठेवून बघ.

प्रेसवर तू अजून उभी राहिलेली नाहीस याची मला खरंच काळजी वाटते. पीडीएफ पाठवली की काम संपलं, असं तुमच्या ऑफिसात धरतात. तू तसं धरू नकोस. पावसाळ्यात मॅपलिथो कागद हवेतला ओलावा पितो, ताव किंचित फुगतो, आणि चार रंग एकमेकांवर नेमके बसेनासे होतात. शाई वाळायला वेळ लागतो. चार रंगांतून बनवलेली बारीक अक्षरं अशा दिवसांत हमखास हलतात. म्हणून लहान मजकूर एकट्या काळ्यात ठेव. मला हे कुठल्या वर्गात शिकवलं नाही, मशीनमननी शिकवलं. त्यांच्याजवळ अर्धा दिवस उभी राहा, चहा घे, फर्मा उतरताना ते भिंगातून काय बघतात ते विचार. ऑफसेटचा तो आवाज आणि ओल्या शाईचा वास मला अजूनही फार प्रिय आहे.

अक्षरांबद्दल एकच सांगते. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर ओढून वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक शब्द हाताने काढ. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं मिळतील तिथून बघ. प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, आणि ते हातातून आलेलं.

पणती घेतलेल्या बाईचाही तुला कंटाळा आलाय ना? मग दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने अंक मागून बघ. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचं ‘दीपावली’ सुरू केलं. त्यांच्या स्त्रियांची मान, पदराची रेघ, मागचा रंग सावकाश बघ. नंतर वसंत सरवट्यांनी ‘ललित’साठी केलेली दिवाळीची मुखपृष्ठं बघ. हा माणूस नोकरीने सिव्हिल इंजिनिअर होता. कामावर जाता-येता दिसलेली साधी माणसं त्यांच्या रेघेत उतरली. विषय दरवर्षी दिवाळीच, पण त्यांना नवं सुचत राहिलं ते रस्त्यावर नजर होती म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

डबा स्क्रीनसमोर खाऊ नकोस. जेवताना खिडकीशी बस, पाऊस असेल तर पाऊस बघ. श्रावणी सोमवारी लवकर निघता आलं तर निघ, आणि त्याबद्दल कुणाची क्षमा मागू नकोस. ऊन-पाऊस एकदम पडतो ती दहा मिनिटं गच्चीवर गेलीस म्हणून कुठलंही काम अडलेलं मी पाहिलेलं नाही.

गणपतीला येशीलच. तेव्हा वही आण, आपण दोघी मिळून बघू. प्रेसवर गेलीस तर मशीन सुरू करताना वाया जाणारे, एकावर एक छपाया झालेले मोठे कागद मागून आण, ते देतात. आजीला फडताळात घालायला हवेत, आणि त्यातला एखादा चांगला निघाला तर मी ठेवून घेईन.

तुझी,
मावशी