जुनं पाकीट विकायचंय? मग कागद नाही, पुरावा विका!

जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच घरांचा एक पाय मुंबईत. त्यामुळे ट्रंकेत जुनी पत्रं सापडतातच. "सर, याचे पैसे होतात का?" होतात, पण कशाचे होतात ते आधी समजून घ्या. आजच्या धड्यासाठी माल घेऊ हवाई टपालाच्या पाकिटांचा.

मालाची ओळख

१८ फेब्रुवारी १९११ ला आँरी पेके या वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला सुमारे ६,५०० पत्रं विमानाने नेली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते मद्रासकडे घेऊन गेले. या उड्डाणांत खरोखर गेलेली पाकिटं संग्राहक शोधत असतात.

किंमत कशात आहे?

प्रवासाच्या पुराव्यात. पाकीट कुठून निघालं, कधी निघालं, कुठे आणि कधी पोचलं, हे शिक्के सांगतात. म्हणून पाकिटाची मागची बाजूही वाचा. तिकीट कापून काढलंत, की पुरावा गेला. उरलं ते नुसतं सुटं तिकीट.

फसगत कुठे होते?

साल न वाचल्यामुळे. १५ ऑक्टोबर १९८२ ला, म्हणजे पन्नास वर्षांनी, जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला. त्या दिवशी टपाल खात्याने खास तिकीटही काढलं. म्हणजे दिवस तोच, महिना तोच, चित्रात विमानही जुनंच! कोणी ते "पहिल्या उड्डाणाचं" म्हणून गळ्यात मारलं, तर तुमचं भांडवल बुडालं. आणि तुम्ही तसं विकलंत, तर नाव बुडालं. या धंद्यात गिऱ्हाईक मोजकं आणि एकमेकांना ओळखणारं असतं.

हिशोब मांडा

समजा, पाकीट ४०० रुपयांना घेतलं. जपणुकीचं साहित्य ६०, कुरिअर ८०. विकलं ७०० ला, त्यावर दहा टक्के कमिशन ७०. हातात राहिले ९० रुपये. तेही सहा महिन्यांनी विकलं गेलं तर? नारायणगावचा टोमॅटो आज नाही विकला तर सडतो. कागद सडत नाही, पण पैसा अडकतो. म्हणून कर्ज काढून माल भरू नका.

चार नियम

१. लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, धुणं-पुसणं नाही.

२. आपल्याकडचा पावसाळा दमट. ओल आणि कसर यांपासून कागद जपा.

३. दोन्ही बाजूंचे फोटो द्या. डाग, फाटलेला कोपरा स्वतःहून सांगा.

४. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढच्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देशात त्यांचा व्यापार करायलाही परवाना लागतो. १९११ चं पाकीट शंभरीपार गेलंय. व्यवहाराआधी जाणकाराला विचारा.

गृहपाठ

घरातलं एक जुनं पत्र घ्या. कुठून, कधी, कुठे, कोणाला, एवढं वहीत लिहा. जे शिक्क्यावर दिसत नाही, ते लिहू नका. ही सवय लागली, की मगच पहिला रुपया गुंतवा. आणि आजोबांच्या हातचं पत्र असेल, तर विकायच्या आधी घरच्यांना एकदा वाचून दाखवा. काही माल दुकानात मांडायचा नसतो.