जोडी सांगता येते का?

पुणे

चि. भाचीस,


तुझा निरोप काल रात्री वाचला. ड्रायव्हरमधला स्पिनलॉक काढलास, वेग वाढला, सगळ्या टेस्ट पास झाल्या, आणि मग केसीसॅनने, म्हणजे कर्नलच्या रेस शोधणाऱ्या साधनाने, डेटा रेसचा रिपोर्ट टाकला. टीममधलं कोणी म्हणालं, ‘दोन्हीकडे रीड-वन्स, राइट-वन्स लाव, रिपोर्ट बंद होईल.’ लावू का, असं तू विचारतेस. रिपोर्ट बंद होईल, हे खरं आहे. म्हणूनच आज लावू नकोस.

हे शहाणपण माझं उपजत नाही, हात पोळल्यावर आलेलं आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी असाच एक रिंग बफर लिहिला होता. इंटरप्टमध्ये पॅकेट बफरच्या खणात ठेवायचं आणि ‘हेड’ एकाने पुढे सरकवायचा. पलीकडे एक थ्रेड हेड वाचणार आणि खणातलं पॅकेट उचलणार. लिहिणारा एक, वाचणारा एक, मग लॉक हवाच कशाला? माझ्या टेबलावरच्या एक्स८६ मशीनवर तो महिनाभर बिनतक्रार चालला. ग्राहकाकडच्या आर्म बोर्डवर मात्र दिवसातून एखाद्या वेळी शिळं पॅकेट पुढे जायचं. शोधायला प्रिंट-के टाकला की दोष गायब, काढला की हजर. तीन आठवडे मी हार्डवेअरच्या नावाने बोटं मोडली. शेवटी टीममधल्या एका ज्येष्ठ बाईंकडे गेलो. त्यांनी कोड उघडलाही नाही. एवढंच विचारलं, ‘पॅकेट आधी आणि हेड नंतर, हे प्रोसेसरला कोणी सांगितलं?’ कोणीच सांगितलं नव्हतं. मी फक्त त्या ओळी त्या क्रमाने लिहिल्या होत्या.

लिहिलेला क्रम आणि दुसऱ्याला दिसणारा क्रम वेगळा कसा होतो, हे तुझ्या आजोबांच्या दुकानावरून सांगतो. समज, दुकानात दोन दिवाणजी आहेत. प्रत्येकाची स्वतःची कच्ची वही. नोंद आधी तिच्यात, मग सवडीने खतावणीत. प्रोसेसरचा प्रत्येक कोर असाच वागतो; त्याच्या कच्च्या वहीला स्टोअर बफर म्हणतात. आता गुळाची एकच ढेप उरली आहे. पहिला आपल्या वहीत ‘मी विकली’ असं टिपतो आणि दुसऱ्याने विकली का, ते खतावणीत बघतो. दुसराही नेमकं तेच करतो. दोघांनाही खतावणी कोरी दिसते आणि एक ढेप दोन गिऱ्हाइकांना विकली जाते. लबाडी कोणीच केलेली नाही. हा घोटाळा एक्स८६ वरही होतो, जिथे सगळं शिस्तीत चालतं असा आपला समज असतो. उपाय एकच: आपली नोंद खतावणीत चढल्याशिवाय दुसऱ्याचं पान बघायचं नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरियर, एसएमपी-एमबी. एकाच बाजूला लावून भागत नाही.

आर्मचा कारभार याहून सैल. तिथे टिपणं कोणत्याही क्रमाने खतावणीत चढू शकतात, आणि वाचणाराही पुढचं पान आधी वाचून ठेवू शकतो. माझा हेड पॅकेटच्या आधी चढत होता. दुरुस्ती दोन शब्दांची निघाली: लिहिणाऱ्याकडे हेडसाठी स्टोअर-रिलीज (आधीच्या नोंदी चढल्यावरच ही चढेल), वाचणाऱ्याकडे त्याच हेडसाठी लोड-ॲक्वायर (हे वाचल्यावरच पुढचं वाचलं जाईल). मी खूश होऊन निघालो, तर बाई म्हणाल्या, ‘आणि खण रिकामा झाला हे लिहिणाऱ्याला कसं कळतं?’ वाचणारा कुठवर आला ते सांगणारा ‘टेल’, त्याची उलट्या दिशेची जोडी राहिलीच होती. वाचणारा खण पुरता रिकामा करण्याआधीच लिहिणारा त्यात नवं पॅकेट कोंबू शकला असता.

प्रोसेसरच्या आधी कंपायलर हात मारतो, तेही ध्यानात ठेव. त्याच्या लेखी तुझं फंक्शन एकटंच चाललेलं असतं. फ्लॅगची वाट बघणारं साधं लूप लिहिलंस, तर तो फ्लॅग एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवील आणि लूप कधी संपणारच नाही. पॉइंटर स्थानिक चलात घेऊन नल आहे का तपासलास, तरी वापरताना तो मूळ जागेतून पुन्हा वाचू शकतो, आणि तोवर तिथे नल आलेला असतो. बत्तीस बिटांचा स्थिरांक सोळा-सोळाच्या दोन तुकड्यांत लिहायलाही त्याला बंदी नाही. रीड-वन्स आणि राइट-वन्स ही या करामतींना घातलेली वेसण आहे. पण ती कंपायलरला आहे. दोन वेगळ्या जागांवरच्या नोंदी कोणत्या क्रमाने दिसाव्यात, याबद्दल ती प्रोसेसरला काहीच सांगत नाही. माझ्या रिंग बफरला नुसती तीच लावली असती, तर केसीसॅनची तक्रार मिटली असती आणि शिळं पॅकेट तसंच गेलं असतं.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. लिनक्सचं औपचारिक मेमरी मॉडेल २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीबरोबर आलं. त्यानुसार डेटा रेस म्हणजे एकाच जागेला दोन ठिकाणांहून एकाच वेळी हात लागणं, त्यातला किमान एक लिहिणारा असणं, आणि किमान एक साधा, म्हणजे रीड-वन्स, राइट-वन्ससारखी खूण न केलेला असणं. दोन्हीवर खूण केलीस की व्याख्येपुरती डेटा रेस संपली. पण रेस कंडिशन, म्हणजे कामाच्या क्रमातलीच चूक, तशीच राहू शकते. रीड-वन्सने मोजणी वाचून, एक मिळवून राइट-वन्सने परत ठेवलीस तर खुणा पूर्ण आहेत, तरी दोन कोर एकाच वेळी आले की एक वाढ हरवते. तिथे खूण नको, ॲटॉमिक वाढ हवी.

केसीसॅनला तुझा शत्रू समजू नकोस आणि परीक्षकही समजू नकोस. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत तो कर्नलमध्ये आला. काही हजार मेमरी ॲक्सेसपैकी एखादा निवडून तो त्या जागेवर पहारा बसवतो, काही मायक्रोसेकंद थांबतो, आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे आलं किंवा किंमत बदलली तर कळवतो. म्हणजे तो सापडलेलं सांगतो. जे सापडलं नाही ते अस्तित्वातच नाही, असं कधीच सांगत नाही. रात्रभर शांत राहिला म्हणून कोड बरोबर ठरत नाही. आणि नुसत्या आकडेवारीसाठीचं वाचन असेल, चुकलं तरी कोणाचं बिघडणार नसेल, तर तिथे डेटा-रेस मॅक्रो लावून ‘इथे चुकलं तरी चालेल, कारण अमुक’ असं शेजारी लिही. तो प्रामाणिक कबुलीजबाब आहे. कारण न देता लावलेली खूण म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक.

आता मूळ प्रश्न: लॉक काढायचाच कशाला? तो खरोखर महाग पडतोय, हे मोजलंस का? ज्या लॉकवर गर्दी नाही त्याची किंमत फार नसते, आणि बॅरियरही फुकट मिळत नाहीत. वाचणारे फार आणि बदलणारे क्वचित, असा मामला असेल तर स्वतःची युक्ती रचण्याआधी आरसीयू बघ. तो २००२ पासून कर्नलमध्ये आहे. त्याची रीत दुकानातल्या भावपत्रकासारखी: नवं पत्रक तयार करून टांगायचं, पण जुनं हातात घेऊन वाचणारी गिऱ्हाइकं बाहेर पडेपर्यंत ते रद्दीत टाकायचं नाही. वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही. बदलणारा वाट बघतो. तिथेही पत्रक टांगायला आरसीयू-असाइन-पॉइंटर आणि वाचायला आरसीयू-डिरेफरन्स, अशी जोडी आहेच.

म्हणून उद्या कामावर गेलीस की एडिटर उघडण्याआधी कागद घे. दोन रकाने आख. डावीकडे लिहिणारा, उजवीकडे वाचणारा. लॉकशिवाय दोघांचा हात लागणारी प्रत्येक जागा मांड. प्रत्येक जागेपुढे लिही: इथला रिलीज पलीकडच्या कोणत्या ॲक्वायरशी जुळतो, इथला बॅरियर पलीकडच्या कोणत्या बॅरियरशी. मग तेच कोडमध्ये कमेंट म्हणून उतरव. शंका राहिली तर तेवढ्याच ओळींची छोटी लिटमस टेस्ट करून मेमरी मॉडेलवर चालणाऱ्या हर्ड७ या साधनाला दे. घडू शकणाऱ्या सगळ्या शक्यता तो पडताळतो. तुझ्या टेबलावरचं मशीन फक्त त्या दिवशी घडलेल्या दाखवतं.

कागदावर एकही ओळ जोडीविना राहिली, तर स्पिनलॉक परत लाव आणि शांत झोप. त्यात कमीपणा नाही. सगळ्या जोड्या जुळल्या, तर खुणा लाव, पॅच पाठव, आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव. टेलची जोडी मी आधी बघणार आहे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा