भांडवली तोटा आणि करपात्र उत्पन्न

समभाग किंवा म्युच्युअल फंडाची युनिट्स तोट्यात विकावी लागली, की 'निदान कर तरी कमी होईल' अशी समजूत अनेक गुंतवणूकदार करून घेतात. ही समजूत अंशतःच खरी आहे. भांडवली तोटा कोठे वळता करता येतो आणि कोठे नाही, याची स्पष्ट मर्यादा आयकर कायद्याने आखून दिली आहे.

सर्वप्रथम, बाजारभाव घसरल्याने कागदोपत्री दिसणारा तोटा हा कराच्या दृष्टीने तोटा नव्हे. प्रत्यक्ष विक्री झाल्यावरच तो विचारात घेतला जातो. तसेच वेतन, निवृत्तिवेतन किंवा मुदत ठेवीवरील व्याज यांतून भांडवली तोटा वजा करता येत नाही. त्याचे समायोजन केवळ भांडवली नफ्याशीच होते.

त्यातही भेद आहे. सूचिबद्ध समभाग व इक्विटी फंडाची युनिट्स १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ धारण केल्यास ती दीर्घमुदतीची, अन्यथा अल्पमुदतीची मालमत्ता ठरते. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. दीर्घमुदतीचा तोटा मात्र केवळ दीर्घमुदतीच्या नफ्यातूनच. आभासी चलनांच्या व्यवहारातील तोटा तर १ एप्रिल २०२२ पासून कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही. दुसऱ्या आभासी चलनाच्या नफ्यातूनही नाही.

ज्या तोट्याचे त्या वर्षी समायोजन होऊ शकत नाही, तो पुढील ८ वर्षांपर्यंत नेता येतो. मात्र त्यासाठी तोट्याच्या वर्षाचे विवरणपत्र विहित मुदतीत दाखल झालेले असणे आवश्यक आहे. विलंबाने विवरणपत्र भरता येते. पण हा अधिकार गमावला जातो.

समजा, एका निवृत्त गृहस्थांना इक्विटी फंडाच्या विक्रीत ३ लाख रुपयांचा दीर्घमुदतीचा तोटा झाला. त्या वर्षी अन्य भांडवली नफा नव्हता आणि देय कर निवृत्तिवेतनातूनच कापला गेला होता. म्हणून त्यांनी विवरणपत्र मुदतीत भरले नाही. तीन वर्षांनी त्यांनी भूखंड विकला आणि ५ लाख रुपयांचा दीर्घमुदतीचा नफा झाला. तोटा वेळीच नोंदविला असता, तर केवळ २ लाख रुपयेच करपात्र ठरले असते. आता १२.५ टक्के दराने उरलेल्या ३ लाखांवर ३७,५०० रुपये व त्यावरील उपकर त्यांना अधिक भरावा लागेल. गुंतवणुकीत एकदा झालेली हानी अशा रीतीने दुसऱ्यांदा पदरी पडते.

सारांश, तोटा झालेल्या वर्षी तर विवरणपत्राची मुदत अधिकच काटेकोरपणे पाळावी, खरेदी-विक्रीची विवरणे जपून ठेवावीत आणि गरज भासल्यास करसल्लागाराचे मार्गदर्शन घ्यावे. तोटा टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते. त्याची वेळेवर नोंद करणे मात्र निश्चितच असते.