खरखरीतून उमटणारी अक्षरे

रेडिओ ही ऐकण्याची वस्तू; वाचण्यासाठी वर्तमानपत्र असते. ही समजूत इतकी रूढ आहे की रेडिओवरून आलेला मजकूर पडद्यावर अक्षरांत उमटू शकतो, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही. परंतु मार्च २०१३ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या प्रसारण संस्थेने नेमका हाच प्रयोग चालविला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथील केंद्रावरून दर शनिवारी व रविवारी अर्ध्या तासाचा ‘व्हीओए रेडिओग्राम’ हा कार्यक्रम लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, प्रसारित होऊ लागला. डॉ. किम अँड्र्यू इलियट हे त्याचे निर्माते व निवेदक. आरंभी त्यांचे दोन शब्द ऐकू येत आणि मग एकाएकी बोलणे थांबून एक विचित्र, थरथरता सूर सुरू होई. लहान मुलाने बासरीत वेडीवाकडी फुंकर घालावी तसा. ज्याला ठाऊक नाही तो रेडिओ बिघडला असे समजून बंद करील. ज्याने शेजारी संगणक ठेवला असेल, त्याच्या पडद्यावर मात्र बातमीच्या ओळी एकामागून एक उमटू लागत.

सुरांच्या क्रमातून मजकूर पाठविण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या बिनतारी सेवेने १९६० च्या दशकात अशीच एक पद्धत वापरली होती. तिचे नाव ‘पिकोलो’, म्हणजे छोटी बासरी. त्या काळी त्यासाठी खास यंत्रे लागत. पुढे हौशी रेडिओचालकांनी हेच काम घरच्या संगणकाकडे सोपविले. संगणकातील ज्या भागामुळे गाणी ऐकू येतात, तोच भाग बाहेरचा आवाज आतही घेऊ शकतो. मग तो आवाज तपासण्याचे काम सॉफ्टवेअरचे.

रेडिओग्राममध्ये मुख्यत्वे ‘एमएफएसके-३२’ ही पद्धत वापरली जाई. तिच्यात सोळा निरनिराळे सूर असतात. एका वेळी एकच सूर वाजतो आणि तोही सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरताच. सोळांपैकी कोणता सूर वाजला, हे कळले की शून्य व एक या अंकांची चौकडी मिळते. कारण चार जागांवर शून्य किंवा एक मांडण्याचे प्रकार सोळाच होतात. अशा चौकड्या जोडत गेले की अक्षरे तयार होतात. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत दिलेले असतात. या रीतीने मिनिटाला सुमारे १२० इंग्रजी शब्द येतात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. लघुलहरी पृथ्वीच्या वरच्या आयनांबरावरून परावर्तित होत हजारो किलोमीटर प्रवास करतात. वाटेत आवाज कधी क्षीण होतो, कधी विजेचा कडकडाट त्यात मिसळतो. मग अक्षरे शुद्ध कशी राहतात? त्यासाठी दोन युक्त्या योजलेल्या आहेत. पहिली अशी की, पाठविलेल्या अंकांपैकी निम्मा भार केवळ चूक ओळखून दुरुस्त करण्यासाठी असतो. दुसरी युक्ती अधिक रंजक आहे. एका अक्षराचे अंक सलग न पाठविता काळात विखरून पाठवितात. सारे धान्य एकाच पोत्यात न भरता चार पोत्यांत विभागले, तर एक पोते भिजले तरी प्रत्येक घरचे थोडेच धान्य जाते. तसेच एखाद्या कडकडाटाने एक अक्षर पूर्ण बुडत नाही. अनेक अक्षरांची किंचित हानी होते आणि ती भरून काढता येते. कानाला जेथे नुसती खरखर ऐकू येते, तेथेही म्हणूनच पुष्कळदा वाक्य बिनचूक उमटते. चित्रांना हे संरक्षण नसते. रेडिओग्राममधून चित्रेही येत, पण प्रत्येक अडथळा त्यांच्यावर ठिपक्याच्या रूपाने दिसे.

एवढा खटाटोप कशासाठी? जानेवारी २०११ च्या अखेरीस इजिप्तमध्ये सुमारे पाच दिवस इंटरनेट बंद करण्यात आले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणमध्ये हाच प्रकार जवळजवळ आठवडाभर चालला. अशा वेळी बातमी पोहोचविण्यास तारांची, मनोऱ्यांची वा कोणाच्या परवानगीची गरज नसलेले साधन उरते ते रेडिओचे. शिवाय घरात बसून रेडिओ घेणाऱ्याचा माग कोठेही नोंदला जात नाही. अर्थात हे साधन सर्वगुणसंपन्न नाही. वाचकाला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि त्याच लहरीवर मुद्दाम गोंगाट सोडून अडथळाही आणता येतो.

भाषेचा प्रश्न आणखी वेगळा. संगणकातील यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला आणि प्रत्येक मात्रेलाही तीन लागतात. त्यातच या पद्धतीतील आखूड संकेत रोमन अक्षरांच्या वाट्याला गेलेले. त्यामुळे ‘की’ एवढे एक अक्षर पाठविण्यास सहा बाइट खर्च होतात. मराठी बातमी अशी पाठवायची झाली तर धीर धरावा लागेल, हे उघड आहे.

जून २०१७ मध्ये इलियट निवृत्त झाले आणि ‘व्हीओए रेडिओग्राम’ थांबला. त्याच महिन्यात त्यांनी ‘शॉर्टवेव्ह रेडिओग्राम’ या नावाने खासगी केंद्रांवरून तोच उपक्रम पुन्हा सुरू केला.

असा संदेश उलगडण्यासाठी शॉर्टवेव्ह असलेला साधा रेडिओ, संगणक आणि ‘फ्लडिजी’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते. रेडिओच्या इअरफोनच्या जागेतून संगणकापर्यंत तार जोडावी. तार नसल्यास संगणकाचा मायक्रोफोन स्पीकरजवळ आणला तरी बहुधा काम होते. पडद्यावर आवाजाचे चित्र धबधब्यासारखे खाली सरकत असते. त्यात सुरांचा पट्टा दिसला की त्याच्या मधोमध माउसने टिचकी मारावी. पट्टा दिसतो पण अक्षरे निरर्थक येतात, असे झाल्यास निवडलेली पद्धत तपासावी. पट्टाच दिसत नसेल तर प्रथम खोलीतील एलईडी दिवा व मोबाइलचा चार्जर बंद करून पाहावा. पुष्कळदा दोष दूरच्या केंद्राचा नसून याच दोन वस्तूंचा असतो.

पाठगत प्रश्न
१. अक्षराचे अंक विखरून पाठविल्याने कोणता लाभ होतो, ते स्वतःच्या अनुभवातील दुसरा दृष्टान्त देऊन लिहा.
२. ‘रेडिओ’ हा शब्द रूपे सांभाळून यूटीएफ-८ मध्ये किती बाइटांचा होईल? मात्रा वेगळ्या मोजा.