कंथकाचे दूरचे कुळ

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा पाठ शिकविताना कंथक अश्वाचे नाव येतेच. एके वर्षी वर्गातील एका मुलीने विचारले, "गुरुजी, घोडा पहिल्यापासून असाच होता का?" इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न अवघडच. उत्तर शोधताना आम्हांस भोवतालचा कातळही नव्याने वाचावा लागला.

कर्जत-खालापूरचे डोंगर आणि कोंडाणे लेणे ज्यात कोरले तो काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर होत. तेव्हा घोड्याचे कुळच जन्मास आले नव्हते. येथे त्याची हाडे शोधणे व्यर्थ. मात्र हाच पाषाण गुजरातेत जमिनीखाली जातो आणि त्याच्या वरच्या, नंतर साचलेल्या थरांत सुरत जिल्ह्यातील वस्तानची लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तेथे अशोक साहनी, राजेंद्र राणा, केनेथ रोझ आदी संशोधकांना सुमारे ५ कोटी ४५ लक्ष वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचे दात, जबडे व हाडे मिळाली. खंभातच्या आखातावरून २००५ साली त्याचे नाव 'कँबेथेरियम' ठेवण्यात आले.

हा प्राणी मेंढीएवढा. दाढांवर बोथट उंचवटे, पाय बेताच्या धावेचे. घोडा, गेंडा व टॅपिर हे विषमखुरी गणातले. त्यांच्यात आणि त्याआधीच्या साध्या सस्तन प्राण्यांत याची ठेवण मधली आहे. त्या सुमारास भारतीय भूखंड आशियाला भिडत होता. म्हणून या गणाचा उगम येथे किंवा जवळपास झाला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

यावरून 'घोडा मूळचा भारतातलाच' असे छातीठोकपणे सांगणारेही आम्हांस भेटले. हाडे एवढे बोलत नाहीत. कँबेथेरियम हा घोड्याचा आजोबा नव्हे, फार तर दूरचा चुलता. घोड्याच्या वंशाची पुढची वाटचाल मुख्यतः उत्तर अमेरिकेत झाली. तेथील ईओहिप्पस या चिमुकल्या पूर्वजाच्या पुढच्या पायांना चार व मागच्यांना तीन बोटे होती. पुढे बाजूची बोटे झिजत गेली आणि सारा भार मधल्या बोटावर आला. आजचे खूर म्हणजे त्याच बोटाचे नख.

आम्ही हे सांगून पाठीमागे वळलो, तर अख्खा वर्ग बाकावर मधले बोट टेकवून, बाकीची उचलून, घोडा उभा करून पाहत होता. ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, दुखते की! त्याला नसेल दुखत?"