नोंदीत कारण लिहा

जामखेड परिसरातल्या काही दूध संकलन केंद्रांचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) धरून ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. खर्ड्याकडच्या एका उत्पादकाने पावती पुढे केली. मशीनवर फॅट 3.49, पावतीवर 3.4. कष्टाच्या दुधाचा एक पॉइंट रोज गळत होता.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कोड होता, त्यामुळे धीर आला. पण आधीच्या मंडळींच्या नोंदी 'फिक्स', 'अपडेट', 'फायनल', 'किरकोळ दुरुस्ती' अशा. शेवटी 'गिट बायसेक्ट' चालवलं. बरोबर चालणारी एक जुनी नोंद आणि आजची बिघडलेली नोंद सांगितली, की ते मधली नोंद काढून देतं. आपण तपासून चांगली की वाईट एवढं सांगायचं. दर वेळी निम्म्या नोंदी बाद होतात. हजार नोंदी असल्या तरी साधारण 10 तपासण्यांत बदल हाती लागतो.

लागलाही. 'किरकोळ दुरुस्ती'! त्यात पावतीची छपाई, लॉगिनचा पडदा आणि दरपत्रक, सगळं एकत्र. दुसरा दशांश कापणारी ओळ दिसली, पण ती चूक होती की डेअरीनेच सांगितलेला नियम, हे कळेना. डेअरीकडून खुलासा येईपर्यंत त्या ओळीला हात लावता आला नाही, आणि तोवर पावत्या तशाच निघत राहिल्या.

म्हणून सांगतो, एका नोंदीत एकच बदल ठेवा. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. का बदललं, कुणी सांगितलं, हे नोंदीतच लिहावं लागतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये ज्या लिनक्स कर्नलसाठी गिट बनवलं, तिथे दुरुस्तीच्या नोंदीत 'फिक्सेस' अशी ओळ घालून मूळ सदोष नोंदीच्या ओळखक्रमांकाची पहिली 12 अक्षरं देतात. ही सवय छोट्या कामातही लावून घ्यावी. प्रत्येक नोंदीपाशी प्रोग्रॅम चालला पाहिजे, नाहीतर बायसेक्ट मध्येच अडतं. नुसती कोडची मांडणी बदलली असेल तर ती नोंद वेगळी करा. नाहीतर ओळ शेवटी कोणत्या नोंदीत बदलली ते सांगणारं 'गिट ब्लेम' भलत्याच बदलाकडे बोट दाखवतं.

दराचा, व्याजाचा, मापाचा हिशोब करणारं काहीही लिहीत असाल, तर आजच्या नोंदीपासूनच कारणाची एक ओळ घाला. मराठीत लिहिली तरी गिटला चालते.